ओट्याखालची बादली

रायबंदर ते चोडण, चोडण ते रायबंदर.
पाळीला अठ्ठावीस वेळा मी मांडवी ओलांडतो.
फळी खाली, गाड्या आत, फळी वर.
धावत येणाऱ्यासाठी बोट थांबवत नाही,
एकदाच थांबवली, बँडवाल्यांसाठी,
कारण त्यांचा ढोल आधीच चढून बसला होता.

आणि घरी,
ओट्याखाली दोन हात आत,
एक नट गळत होता.
नऊ आठवडे.

वायसर मी पहिल्याच सोमवारी आणला.
पंधरा रुपये.
कागदात बांधून फ्रीजवर ठेवला
आणि काम निम्मं झालं, असं मला वाटलं.
नटाखाली बादली ठेवली.
उरलेलं निम्मंही झालं.

त्या नटापर्यंत हात जायला
आधी सिंकचा सायफन उघडावा लागतो.
खरं सांगायचं तर मला त्याची किळस येते.
डिझेलची येत नाही, ओहोटीच्या चिखलाची येत नाही,
स्वतःच्या घरातल्या उष्ट्याची येते.
हे मी कुणाला सांगितलं नाही.
कायतान प्लंबरला फोन केला, तो म्हणाला, "फाल्यां."
इतका आनंद मला पगारालाही होत नाही.

लोक म्हणतात, गोंयकार सुशेगाद.
सुशेगाद माणूस दुपारी झोपतो.
मी रात्री दोनला उठून
भरलेली बादली दोन्ही हातांनी धरून
अंधारात मागच्या दारी जात होतो,
केळीच्या बुंध्याशी ओतत होतो.
केळ मात्र फोफावली. तिचं बरं चाललं होतं.

सुलक्षा वास्कोला, लेकीच्या बाळंतपणाला.
फोनवर विचारायची, "नळाचं झालं?"
"झालं," मी म्हणायचो.
नातवाचं वजन विचारायचो लगेच.

मग एका बुधवारी, भर नदीत,
दर फेरीला मोजतो तशा मी गाड्या मोजत होतो,
आणि मोजता मोजता बादल्याच मोजल्या.
दिवसाला तीन. नऊ आठवडे.
एकशे एकोणनव्वद.
एवढं पाणी मी हातांनी वाहिलं
वीस मिनिटांचं काम करायला नको म्हणून.
बाजूचा खलाशी दामू म्हणाला, "हसतोस का रे?"
मी हसत नव्हतो.

संध्याकाळी घरी आलो. चहा ठेवला नाही,
चहा ठेवला असता तर पेपर आला असता हातात.
शर्टही काढला नाही.
बोटीवर मी पलीकडच्या काठाचा विचार करत नाही,
आधी दोर सोडतो.
दोर सुटला की नदी आपल्याला उभं राहू देत नाही.
तर मी मुख्य कॉक बंद केला.
एवढंच. मग बसलो जमिनीवर,
बसलोच होतो म्हणून आत सरकलो,
सरकलोच होतो म्हणून हात घातला.

घाण होती. असायचीच.
काळा गुळगुळीत गोळा, खोबऱ्याचा चोथा,
सुंगटांची साली, सोलाचं एक लालभडक बी,
आणि तो वास. नऊ आठवडे ज्याला घाबरलो तो वास
तीन मिनिटांनी येईनासा झाला.
नाकालाही लवकर कंटाळा येतो.
जुना वायसर बोटांत तुटला, बिस्किटासारखा.
नवा बसवला. पाना एकदा घसरला,
मी एक शिवी दिली, चांगली घरगुती.
घड्याळ बघितलं तर
बावीस मिनिटं.

रात्री फोन केला. "नळाचं झालं," मी म्हणालो.
ती थोडा वेळ बोललीच नाही.
मग म्हणाली, "हो, आज झालेलं दिसतंय."
"म्हणजे?"
"रोज तू झालं म्हणायचास,
आणि मागून टप् टप् ऐकू यायचं.
आज येत नाही."

दोन वाजता जाग आली.
गेलो ओट्याजवळ, सवयीनं.
बादली कोरडी.
ती उचलून उगाच मागच्या दारी गेलो,
केळीपाशी जरा उभा राहिलो.
तिला आता विहिरीवरून आणून घालावं लागणार पाणी.

फाल्यां, म्हणालो.
मग वळलो, चपला घातल्या,
आणि तसाच विहिरीकडे गेलो.