लांबी

दातांच्या डॉक्टरकडचं वाटावं असं चिमुकलं मशीन,
पेनासारखं धरतो. जोर द्यायचा नाही;
जोर दिला की चकती मोडते, डोळ्याकडेच येते.

शिवडीच्या गाळ्यात अठ्ठावन्नची डुक्कर फियाट,
डाव्या दिव्याची खोबण कुरतडलेली.
खारा वारा. बंदर कुणाला फुकट सोडत नाही.

गंज उडतो, मिशीत बसतो.
करड्याखाली हिरवा, हिरव्याखाली
कसलासा दुधी, मालकालाही न आठवणारा.

मग लांबी. दगड झालेली.
आणि तिच्यात अंगठा,
ओली असताना दाबलेला,
मधोमध आडवी चीर.

परकारचाचांच्या अंगठ्याला होती तशी.
पाना चुकला की तोच अंगठा
माझ्या कानामागे बसायचा.

बटण बंद केलं.
मालक म्हणाले, थांबलास का रे?
म्हटलं, तापलंय.
निवू दे जरा.