तिसरं बटण

परळच्या हॉस्टेलात, दोनशे चौदाच्या दारात
विनेश मडावी उभा. मान खाली,
नजर स्वतःच्या शर्टाच्या तिसऱ्या बटणावर.
नियमच तो. कुणी केला, कुणाला ठाऊक नाही.

दोन वर्षांपूर्वी मीही असाच.
माझं बटण निळं होतं, चार भोकांचं,
दोरा सुटत आलेला.
त्या रात्री गच्चीवर जे झालं
ते आईला अजून सांगितलेलं नाही.
बटण तुटल्याचं सांगितलं. तिनं लावून दिलं.

आत तिघं वाट बघत होते,
बादली भरलेली,
आणि पहिला शब्द माझ्या पाळीचा.
"वर बघ," मी म्हणालो.
तो बघेना.
यातही काही डाव असेल, असं वाटलं असणार त्याला.
मलाही वाटलं असतं.

बादली मोरीत ओतली.
मागून कुणीतरी शिवी हासडली.
मग मी फरशीवरच बसलो,
त्याच्या नजरेच्या वाटेत,
बटणाच्या बरोब्बर खाली,
आणि विचारलं, "जेवलास?"

मेस बंद व्हायला दहा मिनिटं होती.
जिना उतरलो. तो दोन पायऱ्या मागे,
मान अजून खालीच.