चाचणी क्रमांक सत्तेचाळीस

फोर्ट कॉलिन्स. बाहेर उणे बारा.
शेडमध्ये वेंडेल सरपण मोजून ठेवतो,
सगळं एका लांबीचं, एका जाडीचं, भट्टीत सुकवलेलं.
इतकं शहाणं सरपण मी जन्मात पाहिलं नव्हतं.
आमच्याकडे तुराट्या, ओली बाभळ, शेणी,
काहीच नसलं तर मोडक्या बाजेचा पाय.

पाच लिटर पाणी सव्वीस मिनिटांत उकळलं.
टाळ्या.
मी म्हटलं, पाणी कुणी जेवत नाही.

मग तवा आला. बाजरीचं पीठ
डेन्व्हरच्या दुकानातलं, जुनं, कडवट.
थापली. टाकली. पाणी फिरवलं. उलटली.
आणि हात सवयीने चुलीच्या तोंडाशी गेला
भाकरी निखाऱ्यांपुढे उभी करायला.
निखारेच नव्हते.
वेंडेल अभिमानाने म्हणाला,
आमची चूल काही शिल्लक ठेवत नाही.

धुरपदाकाकू आठवली.
नावातच धूर गं माझ्या, म्हणायची
आणि हसता हसता खोकायची.
वाटपात मिळालेली सुधारित चूल
तिच्या पडवीत तीन वर्षं पडून होती,
आत कोंबडी अंड्यांवर बसायची.
आम्ही तिला अडाणी म्हणालो.
भाकरी फुगत नाही, एवढंच तिचं म्हणणं.
ते कुणी लिहून घेतलं नाही.

परवा माझ्या फ्लॅटमध्ये
फोडणीत दोन मिरच्या करपल्या
आणि छत किंचाळलं.
खालच्या मजल्यावरचा म्हातारा अनवाणी धावत आला,
आग? आग?
दोन मिरच्यांना एवढं.
काकूच्या त्या कोपऱ्यात चाळीस वर्षं
फुंकणी तेवढी वाजत होती.

संध्याकाळी फिल्टरपेपर काढतो,
पुरीएवढा गोल, सकाळी पांढरा असलेला.
हातमोजे घालून, चिमट्याने उचलून
ग्रॅमच्या हजाराव्या हिश्श्यापर्यंत तोलतो.
काकूच्या छातीतला कुणी काढून पाहिला नाही.

आज तक्त्यात एक रकाना वाढवलाय.
एकक काय लिहू, वेंडेलने विचारलं.
एकक नाही. हो किंवा नाही.
त्याने जपून, इंग्रजी अक्षरांत लिहिलं: फुगली का.
मग ग्राइंडर घेऊन चुलीच्या पोटाखाली
चार बोटं रुंद खिडकी कापत बसला.

आता निखारे पडतायत. थोडे.
धूरही जरासा वाढलाय,
आकडा वर सरकतोय,
तो आकड्याकडे बघतो, मग माझ्याकडे.
मी भाकरी उभी धरून
थांब म्हणते.