राखण

दाताचे डॉक्टर भिंगार्डे
तोंडातून आरसा काढत म्हणाले,
"रात्री काय दळता एवढं?"
मला वाटलं, थट्टा.
त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला.
खालच्या दाढा घासून सपाट,
जात्याला टाकी लावायची वेळ यावी तशा.

मी मासळीच्या कारखान्यात आहे, रत्नागिरीला, निर्यात विभाग.
माझ्या शीतगृहाचं तापमान उणे अठरा.
दर अर्ध्या तासाला फोन थरथरतो, उणे अठरा.
रात्री तीन दहाला उठून बघते, उणे अठरा.
सगळं ठीक आहे एवढंच बघायला
मला वर्षाच्या तीनशे पासष्ट रात्री लागतात.

शौकत मुकादम, आमचा सुपरवायझर, म्हणतो,
"मॅडम, घरी जावा. मासे मेलेले आहेत,
ते काय पळून जातायत?"
सगळे हसतात. मीही.
हसताना जबडा कट्‌कन वाजतो.

गेल्या महिन्यात बढती झाली.
पेढे वाटले, आणि गाडीत बसल्यावर
किल्ली कुठल्या हातानं फिरवायची तेच आठवेना.
वीस मिनिटं बसून राहिले, काचा बंद.
मग वर जाऊन जपानच्या ऑर्डरचे कागद पुन्हा तपासले.
चूक नव्हती.
चूक सापडली नाही की मला जास्त भीती वाटते.

दातांचा साचा घ्यायला
डॉक्टरांनी गुलाबी लगदा भरला तोंडात.
"पाच मिनिटं. काही करायचं नाही."
काही करायचं नाही.
तिसऱ्या मिनिटाला त्या थंडगार खोलीत
सुंगटांचा वास आला.

सर्जेकोट. चैत्रातलं ऊन. मी आठ वर्षांची.
खळ्यात जुन्या जाळ्यावर सुंगटं सुकत घातलेली,
माझ्या हातात शेवग्याची काठी,
आई निघाली बाजाराला. "राखण कर गो."
केली की.
मग माडाची सावली पायांवरून पोटावर आली,
आणि उठले तेव्हा
जाळ्यात भोकं तेवढी उरली होती,
कावळे कौलांवर चोची पुसत होते.

आई ओरडली नाही.
उरलीसुरली सुंगटं तिनं पदरात वेचली,
रात्री मला डाळभात वाढला,
स्वतःचं पान घेतलं नाही.
भात चिवडत मी शिकले,
कुणी शिकवलं नाही, माझी मीच शिकले,
की मी झोपले तर आई उपाशी राहते.

एवढं एक वाक्य.
त्यावर मी दहावी बांधली, पदवी बांधली,
केबिन, दारावरची पाटी, समुद्र दिसणारी खिडकी
जिचा पडदा मी कधी उघडला नाही.
पायाचा दगड कोण उकरून बघतं?

शनिवारी घरी गेले. आई लसूण सोलत होती.
"सुंगटां? खंयची सुंगटां?"
दोन पाकळ्या होईस्तोवर गप्प.
मग, "तां होय!
संकष्टी होती गो.
चंद्र वर इल्यार जेवलंय मी.
तू तवसर निजललंस."
आणि तिसरी पाकळी घेतली.

म्हणजे मी झोपले
आणि मग आई जेवली.

हे कळल्यावर काहीतरी सुटायला हवं होतं.
त्या रात्रीही तीन दहाला जाग आली.
उणे अठरा.
तोंडात डॉक्टरांनी दिलेली पट्टी,
दाढा तिच्यावर इमानानं दळत होत्या.
बातमी अजून तिथवर पोचली नव्हती.

सकाळी आईनं खळ्यात जाळं अंथरलं,
मला शेजारी बसवलं. काठी दिली नाही.
कावळा आला, तिरका चालत.
मी अर्धी उठले.
"बस गो. तेकाय खावक होया,"
आई मान वर न करता.
त्यानं एक सुंगट उचललं.
मी बसून राहिले.
सवयीनं मोजलं, एक.