शिकवणी

सिग्ने आली तेव्हा गावानं
दोन दिवसांत तिची सगुणाबाई करून टाकली.
मी मात्र वहीत सिग्नेच लिहीत राहिलो.
तासाला बारा रुपये, मिशनच्या पडवीत,
मंगळवार सोडून.
मंगळवारी दवाखाना.

मी मिशनचा माणूस नव्हे.
जिल्हा परिषदेचा रिटायर मास्तर,
घरी बुद्धाची तसबीर, पौर्णिमेला वंदना.
पाळकसाहेबांनी आधीच सांगितलं होतं,
व्याकरण तुमचं, बाकीचं आमचं.
मला चालण्यासारखं होतं.

पहिलं वाक्य दिलं : कुठं दुखतं?
नर्सबाईला एवढं पुष्कळ झालं, असं मला वाटलं.
ती ते सायकलवर म्हणायची, विहिरीवर म्हणायची,
आंबाबर्डीच्या फाट्यावर उभ्या म्हशींनाही
विचारून झालं तिचं.

बुधवारी आली ती वही न उघडता.
"मास्तर, तुमचं वाक्य इथं चालत नाही."
नाल्यापलीकडचा झिंगुजी,
बोटं निम्मी उरलेली, टाचेला चुलीचा चटका,
तिचं पाठ केलेलं ऐकून हसला होता म्हणे :
"दुखत नाई ना बाई, म्हनून त आलो."

त्या दिवशी आम्ही नकार शिकलो.
कुठं दुखत नाही?
इथं? इथं पण नाही?
कधीपासून नाही?
ती कोंबडीचं पीस माझ्या मनगटावरून फिरवायची,
डोळे मिटा मास्तर, लागलं तिथं बोट ठेवा.
मी ठेवायचो.
बायकोनं एकदा खिडकीतून पाहिलं
आणि आठ दिवस मला पीस म्हणून हाक मारली.

येशूबद्दल ती एकदाच बोलली.
"येशू आमच्यासाठी मेली," म्हणाली.
मी लिंग दुरुस्त केलं.
बाकीचं होतं तसं राहू दिलं.

अवघड गेलं ते वेगळंच.
तिच्या भाषेत एकच शब्द,
आपल्यात दोन :
ऐकणाऱ्याला आत घेतलं तर आपण,
दाराबाहेर ठेवलं तर आम्ही.
ती रोग्यांना म्हणायची, आम्ही आता पाय धुऊ.
झिंगुजी बिचारा बाहेर निंबाखाली बसून राहायचा,
यांचे धुऊन होऊ द्या म्हणून.

मी 'आपण' दहादा लिहून घेतलं.
पुढच्या मंगळवारी मुद्दाम पाहायला गेलो.
आपण पाय धुऊ, ती म्हणाली.
झिंगुजीनं घमेल्यात पाय घातला, मग थांबला.
"आपन म्हंजे? तुमी पन?"
ती जरा गोंधळली. माझ्याकडं पाहिलं.
व्याकरणानं बरोबर होतं त्याचं,
मी मान हलवली.
तिनं बूट काढले, मोजे काढले.
पांढरेफटक पाय, अंगठ्याला पराटीचं खोड लागून काळं पडलेलं नख.
झिंगुजी ते नख पाहून म्हणाला,
"कुठी दुखते, बाई?"

मे महिन्यात तिच्या बापाची तार आली.
रडली असेल तर आतल्या खोलीत.
तासाला वेळेवर आली.
भविष्यकाळ चालू होता.
मी जाईन, तू जाशील, तो जाईल,
एकही रूप चुकलं नाही.
पंखा बंद, चादर भिजवून दाराला लावलेली,
मी घाम पुसत पुढचं क्रियापद दिलं.
विचारायला हवं होतं मी.
वाक्य तर माझंच होतं.

दोन वर्षं भरली, ती गेली.
झिंगुजी टायरच्या चपला घालून फाट्यापर्यंत आला,
एस.टी. निघाली तेव्हा मिशनवाले गात होते,
मी शबनम या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

सात वर्षांनी पत्र. तिच्याच हातचं देवनागरी,
शिरोरेषा पट्टी लावून ओढलेली.
लग्न झालं, मुलगी आहे, बर्फ पडतो.
शेवटी लिहिलंय :
आम्ही इकडे सगळे बरे आहोत.

सवयीनं लाल पेन काढलं.
दोनदा वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा.
चूक सापडली नाही.