मार्का

भोपळा आला सकाळी साडेसहाला,
रात्रपाळी संपवून आलेल्या ह्यांच्या खांद्यावर, गोणपाटात.
तुर्भ्याच्या बाजारातून कोपरखैरण्यापर्यंत
बसमध्ये मांडीवर घेऊन बसले होते.
कंडक्टर म्हणे विचारत होता, ह्याचं अर्धं तिकीट काढू का?

सात किलोचा. बुडाला खोक.
असला माल व्यापारी बाजूला टाकतात.
आम्ही उचलतो.

प्रांजलच्या वहीत बाईंनी लिहिलं होतं:
भोपळा रंगवून आणणे, घरातल्या सगळ्यांनी मिळून.
'सगळ्यांनी'च्या खाली तांबडी रेघ.
सगळ्यांनी म्हणजे कधी, बाई?
हे रात्री बाजारात. मी वाशीला तीन घरची पोळीभाजी.
पोपटभावजी ट्रक टर्मिनलला, कधी येतील त्यांनाच ठाऊक.
आमच्या खोलीत सगळे एकदम जागे असतात
ते रविवारी, चार ते सहा.

तर रविवारी, चार वाजता, फरशीवर जुना पेपर पसरून
मी आधीच बजावलं:
ऑइलपेंटचा डबा उघडायचा नाही, भावजी. खायचं अन्न आहे ते.
हळद घ्या, गेरू घ्या, चुना आहे डबीत,
काळा हवा तर निरांजनावर वाटी धरून काजळी देते.
हिरवा?
हिरवा त्याचा त्याच्याकडे आहे, देठापाशी.

भावजींनी डोळे काढले,
ट्रकच्या पाठीवर काढतात तसे, कानापर्यंत पापण्यांचे.
खाली 'बुरी नजरवाले' लिहायला घेतलं
तेव्हा प्रांजलने मनगट धरलं त्यांचं.
नाक तिचं. मिशी तिची.
मी चुन्याने दात काढले, वरचे सात, खालचे नऊ,
आणि सगळे हसले, भोपळा धरून.

हे भिंतीला टेकून बसलेले.
मला कुठं काय येतं, म्हणाले.
पप्पा, सगळ्यांनी लिहिलंय.

मग कुंचला घेतला ह्यांनी.
ओझ्याच्या हातांची बोटं पुरती मिटत नाहीत,
तरी भोपळा फिरवून त्याच्या पाठीवर
एका दमात, हात न उचलता,
एक गोल, गोलात त्रिशूळ, खाली दोन आडव्या रेघा.

हे काय?

मार्का.
गावाहून आलो तेव्हा सतरा वर्षांचा. बिल्ला नव्हता.
मुकादम म्हणाला, पाठ अजून कोवळी आहे, हा कुंचला धर.
दिवसाला चारशे गोण्या.
तो गाळा आता नाही. तिथं सफरचंदाचे खोके लागतात.

एकोणीस वर्षं झाली लग्नाला.
मला हे माहीत नव्हतं.
भावजींनाही नव्हतं, ते रेघेकडे बघत होते, कारागिरासारखे:
दादा, कड बघ तुझी. कुठं थरथर नाही.

प्रांजल मात्र फुगली.
चेहऱ्याशी त्याचा काही संबंधच नाही, म्हणाली.
पुसायला ओलं फडकंही आणलं,
आणि मग नुसतंच पाय पुसले त्याने.

शाळेत 'ब' मिळाला.
बाईंनी म्हणे विचारलं, मागे हे काय गं?
ती म्हणाली, त्याचा पत्ता.

भोपळा परत आला, रिक्षाने, तोऱ्यात.
आमच्याकडे भोपळ्याला पहिला घाव बाईने घालायचा नसतो,
म्हणून विळी ह्यांच्या पुढ्यात सरकवली.
विळ्याभोपळ्याचं नातं सगळ्या जगाला माहीत,
पण ह्यांनी ते डोळे बघितले,
मग फिरवून पाठ बघितली,
आणि म्हणाले, उद्या.

ह्या उद्याला महिना होत आला.
तो फ्रिजवर बसून असतो, सोळा दात काढून.
रात्री डबा भरताना पहिली नजर त्याच्याकडे जाते.
देठ शाबूत असला तर भोपळा वर्षभर टिकतो म्हणतात.
पण ह्याला बुडाला खोक आहे.

आज सकाळी सगळे झोपलेले असताना
मी हात घालून चाचपलं.
थोडं मऊ लागलं.

घारग्यांपुरता गूळ किसून ठेवलाय.
अजून कुणाला बोलले नाही.