पंधरा मीटर

पंचायतीने दिलेली टेप तीस मीटरची,
पण सातच्या पुढचे आकडे घासून पुसलेत
आणि नेमकं तिथेच लोकांचं भांडण सुरू होतं.
बावीच्या कठड्यावर मी टोक धरते,
सगुण टाकीच्या झाकणापर्यंत जातो.
झाकण बहुधा सापडत नाही.
त्यावर अबोलीच्या कुंड्या असतात,
किंवा स्कूटर, किंवा नवं स्वयंपाकघर.
नियम पंधराचा.

कामुर्लीत आमच्या वाड्यावर एकशे बारा घरं,
शहाण्णव बावी.
टाकी शेवटची कधी उपसली, हे विचारून लिहायचं.
काजेतान म्हणाला, "भरली असती तर कळलं असतं."
शांबा कवळेकर म्हणाला, "बाबांनी बांधली,
तेव्हापासून एकदाही भरली नाही," अभिमानाने.
जी टाकी कधीच भरत नाही
तिचाच मला धाक.
जांभा काही धरून ठेवत नाही,
पाऊस नाही, गुपित तर नाहीच.

एस्पेरांसबाईच्या बावीचं पाणी काळं निघालं.
म्हणजे बावीत नव्हे. बावीत ते तसंच,
तळाशी पडलेली कळशी दिसेल इतकं नितळ.
काळं झालं माझ्या बाटलीत,
दोन दिवस कपाटात ठेवल्यावर.
तिने बाटली खिडकीकडे धरली.
"माझ्या घोवाने खणली ही, चोवीस हात.
मे महिन्यात अख्खा वाडा इथे रांग लावायचा.
तू तुझं औषध बदल, बाय."
मग बऱ्याच वेळाने, हळू,
"नातवाचं पोट दुखतं ते यानेच?"
माहीत नाही, म्हटलं.
खरंच माहीत नव्हतं.

तिच्या वर, चढावर, भाड्याचा बंगला.
आठ खोल्या, आठ संडास, मालक परदेशात,
रखवालदार झारखंडचा, भला पोरगा,
त्यानेच घमेलं आणून माती उकरली.
टाकीला तळच नव्हता.
टेपेची घडी घालून मोजलं. नऊ मीटर.
सगुणने नऊ लिहिलं,
माझ्याकडे पाहिलं,
आणि त्याखाली रेघ ओढली.

नोटीस जाईल. उत्तर येईल, किंवा नाही.
म्हापशाहून टँकर येईल, उपसून नेईल,
आणि रात्री खाजणाच्या बांधाशी थांबेल का,
हे विचारायला माझ्या फॉर्मात रकाना नाही.
मी समासात लिहिते.
समास भरत आलाय.

दर फेरीला एक बाटली उरते पिशवीत.
उरते म्हणजे, मी उरवते.
आमची बाव, आमची टाकी,
मधे केळीची चार झाडं, सासऱ्यांनी लावलेली,
कुणी कधी शिंपली नाहीत,
तरी इतकी तरारलेली
की लोक मुनवे मागायला येतात.
तिथे मी टेप लावली नव्हती.

काल लावली. एकटीनेच,
टोकावर चिरा ठेवून.
आकडा सातच्या पुढे, पुसलेल्या भागात.
घडी घालून पुन्हा मोजता आलं असतं.
बाटली भरली, बूच लावलं, तारीख घातली,
फडताळात हळदीच्या डब्यामागे ठेवली.
दोन दिवस थांबायचं.

तोवर टोपभर पाणी गॅसवर.
नवरा म्हणाला, "कोण आजारी आहे?"
मी झाकण ठेवलं.
"उकळू दे," म्हटलं.